पानातला शेंदूर

विठ्ठल, विठ्ठल! बसा मंडळी, बसा. मायमाऊल्यांनो, थोडं पुढं सरकून घ्या, मागं माणसं अजून उभी आहेत. आणि खांबाला पाठ लावून बसलेले काका — हो, तुम्हीच! — डोळे मिटा, हरकत नाही, पण घोरू नका. आजची गोष्ट घोरण्याचीच आहे, नाहीतर लोकांना वाटायचं, मी साथीला माणूस आणलाय!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. आपलं काही गेलं — आवाज गेला, झोप गेली, अंगातली ताकद गेली — की आपण ते आधी कुठं शोधतो? स्वतःच्या अंगात? घरात? नाही! शेजारच्याच्या घरात शोधतो! त्याचं बरं चाललंय ना? मग आपलं त्यानंच नेलं असणार! असं का होतं? स्वतःच्या दुखण्याला दुसऱ्याचं नाव देणं आपल्याला इतकं गोड का लागतं?

उत्तर मी देणार नाही. उत्तर दौलतबुवा देतील.

कोण दौलतबुवा? तर कोयनेच्या काठी नांदखिळे नावाचं गाव. तिथले दौलतबुवा मोहिते. पिठाची गिरणी होती घरची. आणि देवानं गळा असा दिलेला, की बुवांनी देवळात वरचा सूर लावला की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचा हात थांबायचा! पंचक्रोशीत सप्ता कुठंही असो, भजनाला पुढं दौलतबुवाच. अंगानं भरलेले, मान आखूड, पोट — आता काय सांगू — पेटी वाजवायला बसले तर पेटी आणि पोट यांच्यात जागेवरून भांडण!

बायकोचं नाव हौसाबाई. आणि या हौसाबाईंना एक धाकटा भाऊ — सर्जेराव. आईबाप लवकर गेले, तर बहिणीनं त्याला आपल्याकडं आणला. दौलतबुवांनीही पोटच्या पोरासारखा सांभाळला, खोटं कशाला बोलू? मांडीवर बसवून सूर शिकवला. मोठा झाला, त्याचं लग्न लावलं, त्याच आळीत समोर घर बांधून दिलं. सर्जेराव बुवांना 'दाजी' म्हणायचा आणि भजनात त्यांच्या मागं उभा राहायचा. भजन सुटलं की स्वतःच्या हातानं पान लावून द्यायचा. "दाजी, घ्या." आणि दाजी तोंडात टाकायचे. इतकं प्रेम!

आता बिघडलं कुठं?

हनुमान जयंतीचा दिवस. सकाळची वेळ, देऊळ भरलेलं. बुवांनी अभंग धरला, एक चरण झाला, दुसरा झाला, आणि वरच्या सुरावर जाताना — फट्! गळा फाटला! नुसती हवा आली बाहेर. टाळ चुकले. पखवाजवाला बघतच राहिला. आणि तेवढ्यात मागून सर्जेरावानं तो सूर उचलला. दाजींची लाज राखायला उचलला हो! अलगद वर नेला, चरण पुरा केला, आणि परत मागं सरून मान खाली घालून उभा राहिला.

पण लोक! लोकांना कुठं धीर असतो? मागून कुणीतरी ओरडलं — "वा रे सर्जा!"

संपलं! तीन शब्द, मंडळी. "वा रे सर्जा." दौलतबुवांच्या छातीत जणू कुणी चुलीतलं जळकं लाकूड घुसवलं.

त्या दिवसापासून बुवांना दुसरं काही दिसेना. गावात पाऊल टाकलं की कान उभे — कुणी सर्जाचं नाव काढतंय का? एखादा म्हणाला, "सर्जेरावाचा गळा काय लागतोय हल्ली!" की बुवांच्या तोंडाची चव जायची. कुणी म्हणालं, "तुमचाच चेला हो बुवा!" तर वाटायचं, हा टोमणा! त्याची म्हैस व्याली तरी यांना राग. त्यानं नवा सदरा घातला तरी राग! आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, सांगू? त्याच्या झोपेचा!

हसताय? ऐका तर! सर्जेराव दुपारी रानातून यायचा, भाकरी खायचा, लिंबाखाली घोंगडं टाकायचा — आडवा झाला की गुडुप! थोड्या वेळानं उठला की तोंड धुऊन असा ताजा, जणू आत्ताच जन्मला! आणि बुवा? बुवा रात्रभर झोपायचे — म्हणजे लोकांना वाटायचं झोपलेत — घोरणं असं, की वेशीवरची कुत्री दुसऱ्या गावाला गेली! पण सकाळी उठले की तोंडाला कोरड, डोकं दगडासारखं, घशाशी आंबट पाणी. दिवसभर जांभया. गिरणीवर बसल्या बसल्या मान पुढं. मग चहा. परत चहा. चहावर तंबाखू. समोर सर्जा झोपलेला दिसला की मनात यायचं — माझा आवाज नेला यानं, माझी झोपपण हाच झोपतोय!

हौसाबाई सांगून थकल्या. "अहो, झोपेत तुमचा श्वास थांबतो. मी उशाशी बसून बघते. घोरता घोरता एकदम गप्प होता, मग धडपडून हवा ओढता. डॉक्टरला दाखवा."

बुवा म्हणायचे, "श्वास थांबला असता तर सकाळी चहा कुणी मागितला असता?"

आता अशा माणसाला एक हितचिंतक भेटला. त्याचं नाव घेत नाही. कशाला घ्यायचं? प्रत्येक गावात तो आहेच! गिरणीवर दळण घेऊन आला, बसला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "बुवा, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला पान कोण लावून देतं?"

"सर्जा."

"हां," म्हणाला. आणि गप्प बसला! पुढं बोललाच नाही! दळण घेतलं आणि गेला.

मंडळी, जुन्या माणसांना ठाऊक आहे — गवयाचा गळा घालवायचा असला तर त्याला शेंदूर खायला घालतात, अशी एक बोलवा असायची. बुवांनी ती लहानपणापासून ऐकलेली. झालं! सगळं जुळलं! आवाज का गेला? शेंदूर! घशात आग का होते? शेंदूर! सकाळी तोंड कडू का? शेंदूर! काय बरं वाटलं असेल हो त्यांना! दुखण्याला नाव मिळालं, आणि नावाला चेहरा मिळाला.

एकादशीला सकाळी मंडळ जमलं. बुवांचा गळा बसल्यापासून भजनाला पुढं सर्जेरावच उभा राहायचा; तो गळ्यात वीणा घालत होता. दौलतबुवा उभे राहिले आणि भर देवळात, देवासमोर बोलले — "वीणा खाली ठेव! यानं माझ्या पानात शेंदूर घातला. माझ्या घरचं अन्न खाल्लं आणि माझा गळा खाल्ला!"

टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले.

सर्जेरावानं वीणा काढली, देवापाशी ठेवली. म्हणाला, "दाजी, ज्या तोंडानं मला पहिला सूर दिलात, त्याच तोंडानं हे बोललात. मी काय उत्तर देऊ? आता मी गात नाही." आणि पायरी उतरून गेला.

एक माणूस उठला नाही, मंडळी. एकानं विचारलं नाही, "बुवा, पुरावा काय?" भांडण दुसऱ्याच्या घरातलं असलं की आपल्याला किती धीर धरता येतो!

घरी हौसाबाईंना कळलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याला मी वाढवलाय. त्यानं विष घातलं असेल तर ते माझ्याच हातचं. मग मी केलेली भाकरी तरी कशी गिळता?" आणि ताट पुढं सरकवून आत गेल्या.

बरं, आता सर्जा गेला. पान बंद झालं. वीणा परत बुवांच्या गळ्यात. मग आवाज यायला हवा की नको? सांगा! यायला हवा! पण आला नाही. उलट आणखी बसला. दिवाळीपर्यंत बोलताना घरघर यायला लागली. कुणालाही कळलं असतं, की बाबा, पान बंद होऊन इतके महिने झाले, दोष पानाचा नव्हे. पण जळणारा माणूस हिशेब करत नाही! बुवा म्हणाले, "एकदा आत गेलेला शेंदूर निघत नसतो."

भाऊबीज आली. समोरच्या घरात भाऊ, इकडच्या घरात बहीण. मध्ये आळीची वाट, चार ढांगांची. तो आला नाही. तिकडं जायला हिला बंदी. मग हौसाबाईंनी नवं लुगडं नेसलं, ताट केलं, अंगणात उभ्या राहिल्या आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, मंडळी. हिला होता! समोरच्या दारात उभा होता, डोळे पुसत.

दौलतबुवा ओट्यावरून बघत होते. तुम्हाला वाटेल, विरघळले असतील. छे! त्यांच्या मनात काय आलं माहीत आहे? 'मी इतकी वर्षं हिचा संसार केला, आणि हिच्या डोळ्यांत पाणी त्याच्यासाठी!' त्याचाही मत्सर! बायकोच्या आसवांचासुद्धा मत्सर! एवढा खोल जातो हा रोग.

पण शरीर, मंडळी, शरीर कुणाचं ऐकत नाही.

एका दुपारी गिरणी चालू होती. बुवा जेवून बसलेले — भरपेट, वर तेलकट भजी. पट्टा फिरतोय, घरघर चाललीय, बुवांची मान पुढं पडली. आधी घोरणं, मग गप्प. हौसाबाई सुपातलं धान्य ओतायला आल्या आणि बघतात तर काय — गळ्यातलं उपरणं घसरून त्याचं टोक पट्ट्यात गेलेलं! एक हिसका, आणि बुवा जागेवरून ओढले गेले. किंकाळीसुद्धा फुटेना. हौसाबाईंनी सूप फेकलं, धावत जाऊन खटका पाडला. पट्टा थांबला. बुवा जमिनीवर, मानेला लाल वळ, डोळे पांढरे.

पाणी मारलं. शुद्धीवर आले. हौसाबाईंचा आवाज कसा? पोलादासारखा! "उद्या सकाळची पहिली गाडी. तुम्ही आला नाही तर मी एकटी जाईन, आणि परत येणार नाही."

गेले! मंडळी, देवाची भीती नसते काही माणसांना, पण ही भीती असते!

कराडला घशाच्या डॉक्टरीण होत्या, इनामदार बाई म्हणून. त्यांनी मानेचा वळ बघितला, घरघरता आवाज ऐकला, आणि नळीचा कॅमेरा घालून घसा बघितला. पडद्यावर चित्र आलं. बुवांनी डोळे फाडून विचारलं, "बाई, शेंदूर दिसतोय का?"

डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. "लाल आहे खरं. पण शेंदूर नाही. भाजलंय. तुमच्या पोटातलं आंबट पाणी वर येतं, त्यानं आवाजाच्या पट्ट्या सुजल्यात. रात्री जेवता कधी?"

बुवा म्हणाले, "लवकरच."

हौसाबाई म्हणाल्या, "भजन सुटल्यावर. आणि हात धुतला की आडवे."

"दिवसा झोप येते?"

"नाही हो," बुवा म्हणाले — आणि म्हणता म्हणता जांभई दिली!

मग बाईंनी एक रात्र तिथं झोपेची तपासणी केली. अंगाला वायरी लावून झोपवतात. दुनियेत ही एकच परीक्षा आहे मंडळी, ज्यात झोपेल तोच पास! सकाळी बाईंनी समजावलं, "बुवा, झोपेत तुमच्या घशातली वाट मिटते. मान जाड झालीय, जीभ मागं पडते, हवा जायला जागा राहत नाही. जीव घुसमटतो, मग शरीर दचकून जागं होतं. रात्रभर हेच. तुम्हाला वाटतं झोपलो, पण झोप होतच नाही. आणि हवा ओढायच्या धडपडीत ते आंबट पाणी आणखी वर येतं."

"मग कुणी काही केलेलं नाही?" बुवांनी विचारलं.

"कोण काय करणार? उशिराचं जेवण, चहा, तंबाखू, हे वजन. आता ऐका. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, थोडं जेवायचं, लगेच आडवं व्हायचं नाही. खाटेची उशाकडची बाजू उंच करायची. उताणं झोपायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं. तंबाखू बंद. रोज चालायचं, वजन उतरवायचं. गोळ्या देते त्या घ्यायच्या. परत तपासू. कमी झालं नसलं तर झोपताना लावायचं मशीन देईन, तेव्हा लाजायचं नाही. आणि तोवर गिरणीवर एकटं बसायचं नाही!"

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसलेले. हौसाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दिसला का शेंदूर?"

बुवांनी मानेवरचा वळ चाचपला.

आता सांगा, त्यांना काय वाटलं असेल? आनंद झाला असेल? जीव वाचला, बायकोचा भाऊ निर्दोष निघाला! नाही, मंडळी! इथंच खरी गंमत आहे. सर्जा निर्दोष निघाला, याचाच बुवांना राग आला! ज्याच्यावर सगळं ढकलून मोकळे झालो होतो, तो आधार गेला ना! तो चांगला निघाला म्हणजे वाईट कोण? प्रश्न फिरून घरी आला!

म्हणून पथ्य सुरू केलं, पण माफी? शब्द नाही.

पथ्याची काय तऱ्हा सांगू! सूर्य कलला की बुवा ताटावर. गाव म्हणालं, बुवांनी जैन धर्म घेतला! खाटेच्या उशाला विटा लावल्या, तर पहिले काही दिवस बुवा घसरून पायथ्याशी, हौसाबाई काखेत हात घालून वर ओढतायत! उताणं होऊ नये म्हणून हौसाबाईंनी बंडीच्या पाठीला चिंचोक्यांची पुरचुंडी शिवली. वळले की टोचायची. तंबाखू सोडताना तर माणसं त्यांच्या वाटेला जाईनात, इतके चिडायचे. एकदा चोरून खाल्ली. हौसाबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं ते फाटकं उपरणं आणून पुढं ठेवलं. बुवांनी तोंड धुतलं.

आणि रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालणं. तिथंच सर्जेरावाचं रान! सर्जा दारं धरत असायचा. आधी कसा होता? पाणी धरताना गात असायचा, वाटसरू थांबायचे. आता पाणी वाहायचं आणि तो गप्प. बुवा तोंड फिरवून पुढं जायचे.

असे काही महिने गेले. वजन उतरलं. आंबट पाणी कमी झालं. आणि एके सकाळी बुवा जागे झाले तर — डोकं हलकं! तोंड ओलं! पाखरं ओरडत होती, ती ऐकू आली. किती वर्षांनी पुरी झोप झाली होती. हौसाबाई शेजारी गाढ झोपलेल्या. बुवांच्या ध्यानात आलं, या बाईनं माझ्या श्वासापायी किती रात्री जागून काढल्या, तिला मी असं झोपलेलं बघितलंच नव्हतं!

चालायला निघाले. कालव्यावर सर्जा वाकलेला होता. आज पहिल्यांदा बुवांनी त्याच्याकडं नीट बघितलं. पोर वाळलं होतं. गालाची हाडं वर आलेली.

बुवा बांध उतरून गेले. "सर्जा."

तो उभा राहिला. हातात खोरं.

"चुकलं माझं. शेंदूर नव्हता. माझ्याच पोटातलं पाणी होतं. डॉक्टरनं दाखवलं."

"कधी?"

"झाले... महिने झाले."

सर्जेरावानं खोरं चिखलात रोवलं. "आणि आज सांगताय?"

"जीभ उचलली नाही रे."

"दाजी, बोललात देवळात, सगळ्या गावापुढं. माझ्या पोराला शाळेत शेंदऱ्या म्हणून चिडवतात. आणि माफी इथं मागताय, कालव्यावर, कुणी नसताना?" डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "अक्काला चंद्राला ओवाळायला लावलंत. जावा. मला पाणी धरायचंय."

खरं होतं! आळ चारचौघांत घ्यायचा आणि माफी कोपऱ्यात मागायची — हा कुठला न्याय?

बुवा परत आले. हौसाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. मी असते त्याच्या जागी तर खोरं घातलं असतं."

एकादशीला मंडळ जमलं. दौलतबुवा गाभाऱ्याकडं पाठ करून माणसांकडं तोंड करून उभे राहिले. अजून आवाजात थोडी घरघर होतीच. म्हणाले, "याच जागी मी सर्जेरावावर आळ घेतला. तो खोटा होता. मला दुखणं होतं, जास्त खाण्याचं, कमी झोपेचं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी डॉक्टरकडं गेलो असतो. मला त्याचा सूर सहन झाला नाही. तो माझ्यापेक्षा चांगला गातो, हे मला त्या हनुमान जयंतीलाच कळलं होतं. कळलं म्हणून जळलो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत तेव्हा, आता हेही ऐका."

आणि देऊळ उतरून, अनवाणी, सगळ्या गावादेखत सर्जेरावाच्या दारात गेले. मागं मंडळ, मागं हौसाबाई. बुवांनी वीणा पुढं केली. "चल. पुढं तू उभा राहा."

सर्जेरावानं वीणेला हात लावला नाही. मग हौसाबाईच पुढं झाल्या, त्याच्या गळ्याशी हात नेला आणि म्हणाल्या, "सर्जा, माझ्यासाठी नको. यांच्यासाठी तर मुळीच नको. तुला गायचं असलं तरच घाल."

त्यानं घातली.

त्या दिवशी तो गायला, आणि दौलतबुवा मागं टाळ घेऊन उभे राहिले. भजन संपलं, लोकांनी वाहवा केली. घरी येताना बुवा बायकोला हळूच म्हणाले, "हौसा, खरं सांगू? अजून थोडं जळतं."

ती म्हणाली, "घशात की छातीत?"

"त्याच्याही आत."

"मग त्याला डॉक्टरकडं औषध नाही," ती म्हणाली. "ते तुम्हालाच रोज खाली ठेवायचंय. पण आता निदान खोटं तरी नाव देऊ नका त्याला."

मंडळी! खरंच सांगतो, बुवांचं सगळं बरं झालं असं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. पूर्वीचा गळा आला नाही. पथ्य आयुष्यभर राहिलं. मत्सरही अधूनमधून डोकं वर काढायचा. पण त्यांनी परत कधी त्याला शेंदूर म्हटलं नाही.

आता माझं तुमच्याकडं काम आहे. घोरणारे हात वर करा! बघा, एकही नाही! आणि शेजारी बसलेल्या बायका पदरात तोंड लपवून हसतायत! माऊली, तुम्ही जाग्या असता ना रात्री? मग उद्या यांना डॉक्टरकडं न्या. झोपेत श्वास अडकणं ही थट्टा नाही.

आणि दुसरं. मी गोष्ट सांगत होतो तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढं एक माणूस आला की नाही? भाऊ असेल, जाऊ असेल, शेजारी असेल — ज्याचं बरं झालं की तुमचा घास कडू होतो. आला ना? त्याच्यावर तुम्ही कुठला आळ घेऊन ठेवलाय, ते मी विचारत नाही. इथं विचारणारा मी कोण? गाभाऱ्यातला तो मघापासून तुमच्याकडं बघतोय, त्याला सांगा. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर माफीही चारचौघांतच मागा.

चला, उठा. प्रसाद घ्या — थोडाच! — आणि त्या माणसाच्या दारावरून चालत चालत, नाम घेत घरी जा. बोला, पांडुरंग हरी!